घराणं बघून आणलेला कुत्रा

आमच्या साडूंनी आजवर एकही वस्तू, जनावर किंवा माणूस घराणं विचारल्याशिवाय घरात घेतलेलं नाही, आणि यात मीही आलो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ते जर्मनीहून रजेवर पुण्याला आले होते, आणि थोरले जावई म्हणून सासऱ्यांनी त्यांनाच आमच्या घरी चौकशीला पाठवलं. मुलाची पत्रिका, पगार, स्वभाव यांतलं त्यांनी काहीही विचारलं नाही. आजोबा काय करायचे, पणजोबा काय करायचे, आणि त्यांतलं कोणी मध्येच काम सोडून घरी बसलं होतं का, एवढंच विचारलं. मग पाणी प्यायच्या निमित्तानं उठून स्वयंपाकघरात गेले, फ्रिजचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, मान तिरपी करून पुन्हा लावलं आणि बाहेर आले. सासऱ्यांना त्यांनी दिलेला अहवाल मला बायकोनं नंतर सांगितला. "माणसं कामसू आहेत. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला आता इलाज नाही. फ्रिजचं दार मात्र दोनदा लावावं लागतं." या अहवालावर माझं लग्न झालं. पुढे नोकरीनं मलाही जर्मनीत, त्यांच्या वोल्फ्सबुर्गलाच आणून सोडलं, आणि गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या घरापासून सायकलच्या अंतरावर, त्यांच्या तपासणीखाली, सुखानं नांदतो आहे.

'खाण तशी माती' यावर त्यांची एवढी श्रद्धा आहे की देवावर तेवढी असती तर एव्हाना तो प्रसन्न झाला असता. त्यांच्या घरात लागणारं दही हे साताऱ्याहून त्यांच्या आईच्या हातच्या विरजणाचं आहे. ते विरजण त्यांनी पहिल्यांदा येताना डबीत घालून, डबी रुमालात गुंडाळून, रुमाल पोटाशी धरून आणलं आणि आजतागायत एक दिवस खंड न पाडता चालवलं. एकदा ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण, घाईत दुकानातलं दही घालून मोकळ्या झाल्या. साडूंनी पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "हे कुठल्या घरचं?" जुनी सायकल घ्यायची होती तेव्हा त्यांनी गावातल्या सगळ्या सायकलवाल्यांना घाम फोडला. आधी ती कोण चालवायचं, तो काय करायचा, त्याचे वडील काय करायचे. शेवटी टपालखात्यातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याची सायकल त्यांनी घेतली, कारण त्या माणसाचे वडीलही टपालच वाटत होते. "रोज चालवलेली सायकल आहे," ते मला म्हणाले. "साडूबुवा, बसून राहिलेल्या सायकलीचं लोखंड मनानं खचतं." ती सायकल अजून चालते, हे मला नाइलाजानं सांगितलं पाहिजे.

त्यांचं नोकरीचं सगळं आयुष्य गाडीच्या दारावर गेलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, दाराभोवती बसणाऱ्या रबरी पट्ट्यांच्या चाचणी विभागात ते होते. यंत्राचा हात दिवसभर एक दार उघडायचा आणि लावायचा, आणि आमचे साडू शेजारी उभे राहून ऐकायचे. दार लागताना 'थप्प' असा आवाज यायला हवा. 'खट्ट' आला तर पट्टी वाळली, 'फस्स' आला तर कुठेतरी सुटली. हा कान घेऊन ते समाजात वावरतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर बाहेर जाणं जोखमीचं असतं. एकदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका अनोळखी जर्मन गृहस्थानं आपल्या गाडीचं दार लावलं. साडूंनी हातातली कांद्याची जाळी माझ्या हातात दिली, तरातरा त्याच्याकडे गेले आणि मागच्या डाव्या दाराची पट्टी खालच्या कोपऱ्यात सुटली असल्याचं त्याला सांगितलं. तो गृहस्थ आधी दचकला, मग रागावला, मग वाकून बघू लागला. त्यानंतर बराच वेळ ते दोघं एकमेकांना आपापल्या गाड्यांची दारं लावून दाखवत होते आणि मी कांदे घेऊन उभा होतो.

'बसून खाणारा' ही त्यांच्याकडची सगळ्यात जहाल शिवी. ती ते रागावून देत नाहीत, डॉक्टरानं रोगाचं नाव सांगावं तशी सांगतात. मी दिवसभर खुर्चीत बसून पोट भरतो, त्यामुळे त्यांच्या लेखी मी त्या रोगाच्या पहिल्या पायरीवर आहे. स्वतः ते चहा उभ्यानं पितात, बातम्या उभ्यानं बघतात, आणि पाहुणे आले की सगळ्यांना बसवून स्वतः दाराला टेकून उभे राहतात, त्यामुळे पाहुण्यांना आपण जाण्याची वाट बघितली जात आहे असं वाटत राहतं. रविवार हा त्यांचा हाडवैरी. इथं रविवारी ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं नाही, शेजाऱ्याच्या कानावर आपल्या कष्टांचा आवाज जाऊ द्यायचा नाही. त्यावर त्यांनी मुकं काम शोधून काढलं. दर रविवारी तेलाची कुपी घेऊन ते बिजागऱ्यांना तेल घालतात. आपल्या घरातल्या संपल्या की इमारतीतल्या. त्यांच्या इमारतीतलं एकही दार आता करकरत नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या एक आजीबाई मला म्हणाल्या होत्या की हल्ली घरात कोण कधी आलं ते कळतच नाही.

आणि अशा माणसावर घरी बसायची वेळ आली. कंपनीनं तो चाचणी विभाग दुसऱ्या गावी हलवायचं ठरवलं आणि साठीला आलेल्यांना फोररूहश्टांड देऊ केला, म्हणजे वेळेआधीची, सन्मानाची, पगाराची निवृत्ती. सप्टेंबरअखेर शेवटचा दिवस, तोवर साठलेली रजा वापरून अर्धा दिवस काम. दुसरा कोणी असता तर त्यानं पेढे वाटले असते. साडूंनी घरातही सांगितलं नाही. ताईंना कळलं ते असं, की एके संध्याकाळी साडूंनी फ्रिजमधून दूध काढलं आणि दार लावून सरळ चालू लागले. दाराचा आवाज ऐकलाच नाही. ताईंनी तिथंच विचारलं, "अहो, काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी ताई आमच्याकडे आल्या. त्या इथल्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, दुपारच्या पाळीला असतात आणि जगातल्या कुठल्याही रडारडीनं विचलित होत नाहीत. पण त्या दिवशी त्यांचा चहा तसाच निवला. "विनय, तुम्हाला आमच्या मामंजींचं माहीत नाही," त्या मला म्हणाल्या. "रिटायर झाले आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. पण हे ते कोणाला सांगत नाहीत, म्हणतात आमच्या घराण्यात कोणी बसून खाल्लं नाही. मामंजी बसले ते बसलेच. जेवायला उठवावं लागायचं. वर्ष नाही काढलं त्यांनी. यांचा चेहरा आत्तापासून तसा दिसतोय मला. आल्झो, म्हणजे असं की, मला भीती वाटते, एवढंच सांगायला आले." त्यावर माझी बायको ताईंच्या शेजारी जाऊन बसली. तोडगा काढला तो साडूंच्या मुलीनं. ती हायडेलबर्गला शिकते, मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. फोनवर आईचं सगळं ऐकून घेऊन ती एकच वाक्य बोलली, "बाबा ब्राउख्ट आइनन हुंड." बाबांना कुत्रा हवा आहे.

साडूंना ते पटायला वेळ लागला, पण पटल्यावर त्यांनी कुत्र्याचं स्थळ शोधायला घेतलं, आणि आम्हाला भीक नको पण कुत्रा आवर असं झालं. लॅब्राडोर हवा, इथवर एकमत होतं. मग ऑफिसातल्या कोणी जर्मनानं त्यांना सांगितलं की लॅब्राडोरमध्ये दोन घराणी असतात. एक आर्बाइट्सलीनिए, म्हणजे कामाचं घराणं: शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी पाण्यात उडी मारून, दात न लावता, अलगद आणून देणारे, पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच जोपासलेले, सडपातळ, पायाला भिंगरी लावलेले कुत्रे. दुसरं शाउलीनिए, म्हणजे मिरवायचं घराणं: रुंद छातीचे, मोठ्या डोक्याचे, शांत, प्रदर्शनात बक्षिसं मिळवणारे आणि एरवी घरभर पसरणारे. ताईंना दुसरं हवं होतं. "शांत असेल, मायाळू असेल, पायाशी पडून राहील," त्या म्हणाल्या. साडूंनी पट्टीचा खराब नमुना बघावा तसं त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे बसून खाणारा." मी मध्ये तोंड घातलं की कामाच्या घराण्यातल्या कुत्र्याला रोज काम लागतं, नाही मिळालं तर तो सोफा फाडतो, असं मी वाचलं आहे. "मग बरोबर आहे त्याचं," साडू म्हणाले. "मी पण फाडेन."

एक अडचण मात्र खरी होती. कामाच्या घराण्यातली पिल्लं देणारे लोक बहुतेक शिकाऱ्यांनाच देतात, आणि आमचे साडू अंडंही खात नाहीत. बदक पाडणं सोडाच, तळ्यावरच्या बदकांना पाव घालतानासुद्धा ते तो शिळा नाही ना बघतात. पण चौकशीत त्यांना कळलं की हल्ली पक्ष्याऐवजी भुसा भरलेली कापडी वळकटी फेकून तेच काम शिकवतात. तिला इथं डमी म्हणतात. त्याचे वर्ग असतात, स्पर्धा असतात, रक्ताचा थेंब सांडत नाही. साडूंनी त्याच आठवड्यात डमी आणली. कुत्रा यायचा होता, पण तयारी आधी असावी म्हणून ते रोज दुपारी कालव्याकाठच्या कुरणात जाऊन ती फेकायला लागले. फेकायची, शिटी वाजवायची, आणि मग स्वतःच चालत जाऊन आणायची. पाऊस असला तर रेनकोट घालून. कुरणातून जाणारे लोक आधी नमस्कार करून पुढे जायचे, मग थांबायला लागले, आणि शेवटी एका बाईंनी मोठ्या काळजीनं त्यांना विचारलं, "तुमचा कुत्रा हरवलाय का?" "नाही," साडू म्हणाले, "अजून मिळायचाय."

शेवटी हायड नावाच्या माळरानावरच्या एका खेड्यातल्या बाईंनी आम्हाला बोलावलं. साडू, ताई आणि मी असे तिघं गेलो. बाई सत्तरीच्या, नवरा वनखात्यात होता, तो गेल्यावरही त्यांनी हे कामाचं घराणं सांभाळलेलं. आम्हाला वाटत होतं आम्ही पिल्लं पाहायला चाललो आहोत. तिथं पोचल्यावर कळलं की पिल्लं मागच्या अंगणात आहेत आणि आज पाहायचा कार्यक्रम आमचा आहे. कॉफी आली, आलुबुखारचा केक आला. आयुष्यभर स्थळांच्या चौकशा केलेले आमचे साडू पहिल्यांदाच कांदेपोह्यांच्या ताटाच्या पलीकडच्या बाजूला होते, आणि तिथंही ते उभेच होते. सुरुवात त्यांनी झोकात केली. पिल्लांच्या आईच्या आईपासून चौकशी केली, कोणी मध्येच काम सोडून बसलं होतं का तेही विचारलं. बाई खूष झाल्या. मग त्यांनी विचारायला घेतलं.

"शिकार करता?"

"आम्ही शाकाहारी आहोत."

बाईंनी कप खाली ठेवला. ताईंनी माझ्याकडे बघितलं. साडूंनी पिशवीतून डमी काढून टेबलावर, केकशेजारी ठेवली आणि रोजच्या सरावाचं वर्णन केलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणि ती परत कोण आणतं?"

"सध्या मीच."

बाईंनी डमी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "आल्झो," त्या म्हणाल्या, "शेवटचा प्रश्न. दिवसातून किती वेळ तो घरी एकटा राहील?"

"एकटा नाही राहणार. सध्या सकाळी ही घरी असते, दुपारी मी. आणि सप्टेंबरनंतर..." इथं साडू थांबले. हे वाक्य त्यांनी आजवर कोणासमोर उच्चारलं नव्हतं, हे मला आणि ताईंना ठाऊक होतं. त्यांनी हातातल्या कपाकडे बघत, चोरी कबूल करावी तशा आवाजात ते पुरं केलं. "सप्टेंबरनंतर मी दिवसभर घरीच असेन."

"दिवसभर?" बाईंचा चेहरा उजळला. "गेनाऊ. अगदी असंच घर मी शोधत होते हो. येतात ते सगळे कामावर जाणारे."

साडूंनी मागे हात करून खुर्ची चाचपली आणि ते बसले. ताईंनी नाक पुसायला रुमाल काढला आणि मी केकचा दुसरा तुकडा घेतला, कारण मलाही काहीतरी करायला हवं होतं. मग बाईंनी आम्हाला मागे नेलं. काळी, तुकतुकीत पिल्लं एकमेकांवरून घरंगळत होती. बाईंनी एक छोटीशी कापडी वळकटी फेकली, आणि गळ्यात हिरवी फीत बांधलेलं एक पिल्लू तिच्यावर धडपडत गेलं, त्यानं ती तोंडात धरली, दोनदा तिच्यावरच अडखळलं आणि सरळ साडूंच्या बुटावर आणून ठेवली. साडू माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. "बघा साडूबुवा," ते म्हणाले. "रक्त."

त्याचं नाव त्यांनी हरकाम्या ठेवलं. पहिले काही महिने त्यानं नाव राखलं. मोजे, वर्तमानपत्र, ताईंची लाटणी, वरच्या आजीबाईंची पायपुसणी, असं जे दिसेल ते तो आणून साडूंच्या पायाशी ठेवायचा, आणि साडू ते पुन्हा जागेवर नेऊन ठेवायचे. दोघांनाही भरपूर काम होतं. मग उन्हाळ्यात एके दिवशी कुरणात साडूंनी डमी फेकली, शिटी वाजवली, आणि हरकाम्यानं ती कुठं पडली ते नीट बघून घेतलं व तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आजारी नव्हता, घाबरलेला नव्हता, पळायचा भरपूर, खायचा त्याहून भरपूर. त्यानं सगळ्या प्रकरणाचा शांतपणे विचार करून वेळेआधीची निवृत्ती घेतली होती. साडूंनी डमी बदलली, शिटी बदलली, कुरण बदललं. स्वतः पळत जाऊन, चार वेळा आणून, नमुना दाखवला. हरकाम्या प्रत्येक वेळी शेपटी हलवून कौतुक करायचा. शेवटी ते त्याला वर्गात घेऊन गेले. तिथं बाकीचे कुत्रे बाणासारखे सुटले आणि आमचा बसला. साडूंना ते बघवेना, ते स्वतःच धावत गेले आणि डमी घेऊन आले. शिकवणारी मुलगी म्हणाली, "तुमचा वेग छान आहे."

ताईंनी त्याला इनामदार म्हणायला सुरुवात केली. साडू हसले नाहीत. त्यांनी माळावरच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की चांगल्या घराण्यातही कधीकधी एखादा असा निघतो, कारण कोणालाच कळत नाही. त्यांचा शिरस्ता असा की अशा वेळी त्या कुत्रा परत घेतात, त्याला निवांत घर बघतात आणि पुढच्या वेतातलं दुसरं पिल्लू देतात. शनिवारी घेऊन या. तो शनिवार नेमका सप्टेंबरअखेरचा होता. शुक्रवारी साडूंचा कंपनीतला शेवटचा दिवस झाला. सहकाऱ्यांनी रबरी पट्टीच्या एका तुकड्याला रिबन बांधून त्यांना भेट दिली. ती त्यांनी घरी आणून कपाटात ठेवली, कपाटाचं दार लावलं आणि ताईंना म्हणाले की सकाळी लवकर निघतो. ताई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही ठरवाल तसं. पण मला त्याची सवय झालीय." आणि मग मला फोन करून म्हणाल्या, "विनय, तुम्ही बरोबर जा हो."

सकाळी लवकर आम्ही निघालो. मागे हरकाम्या घोरत होता. माळ सुरू झाला तिथं गाड्या उभ्या करायची जागा आहे, तिथं त्यांनी गाडी थांबवली, हरकाम्याला उतरवलं आणि पिशवीतून डमी काढली. शेवटची संधी देत होते, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते उघडच होतं. त्यांनी जोर लावून ती लांब फेकली आणि शिटी वाजवली. हरकाम्यानं डमीकडे बघितलं, साडूंकडे बघितलं, मग त्यांच्याजवळ आला, त्यांच्या उजव्या बुटावर बसला आणि सगळा भार त्यांच्या पायावर टाकून माळाकडे बघत राहिला. साडूंनी पाय काढायचा प्रयत्न केला नाही. मला वाटलं आता तेच जाऊन डमी आणतील, तर त्यांनी मलाच सांगितलं, "साडूबुवा, तेवढी आणता का? याला उठवायला नको."

मी डमी घेऊन आलो तेव्हा त्यांचा एक हात त्याच्या डोक्यावर होता.

"मी जन्मभर सदोष माल परत पाठवला," ते म्हणाले.

"माहितीये, भाऊ."

"काम करत नाही म्हणून याला परत दिला, तर सोमवारी मी कुठल्या तोंडानं घरात बसू?"

त्यांनीच हरकाम्याला हळूच उठवून गाडीत बसवलं. त्यांनी गाडी वळवली. वाटेत बाईंना फोन करून, घराण्यात काही दोष नाही, तक्रार मागे घेतो, असं मोठ्या अदबीनं सांगितलं. घरी पोचलो तेव्हा ताई दारातच उभ्या होत्या. हरकाम्या त्यांना ओलांडून आत गेला आणि पाणी प्यायला लागला. साडूंनी बूट काढले. "आमच्या घराण्यात बसून खाणारं कोणी नव्हतं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "बाबा होते शेवटी. पण ते एकटेच होते. आता आम्ही दोघं आहोत." ताई म्हणाल्या, "हात धुवा, पोळ्या निवतायत."

याला आता काही महिने झाले. साडूंनी खिडकीपाशी खुर्ची टाकली आहे. ती बघून ताई पहिल्या दिवशी किती धसकल्या होत्या ते मला ठाऊक आहे. अजूनही कामावर जाताना त्या एकदा मागे वळून त्या खुर्चीकडे बघतात. मी कामावरून परतताना पुष्कळदा त्यांच्याकडे डोकावतो. साडू खुर्चीत बसलेले असतात, हरकाम्या त्यांच्या पावलावर हनुवटी टाकून झोपलेला असतो, आणि मला चहा स्वतःचा स्वतः करून घ्यावा लागतो. सकाळी त्यांचं कुरणात जाणं चालू आहे. फेकणारे साडू, आणणारेही साडू, आणि मध्ये बसून लक्ष ठेवणारा हरकाम्या. कुरणातल्या त्या बाईंनी आता चौकशा करणं सोडून दिलं आहे. पण साडू हल्ली कमी बोलतात, आणि कधीकधी बोलता बोलता खिडकीबाहेर बघत राहतात, तेव्हा मलाही त्या खुर्चीची भीती वाटते.

परवा असाच गेलो होतो. बाहेर लवकर अंधारून आलं होतं. मी साडूंना काहीतरी सांगत होतो आणि ते ऐकत नव्हते. एवढ्यात पार्किंगमध्ये कुठल्याशा गाडीचं दार लागलं. हरकाम्याचा एक कान उभा राहिला आणि साडूंनी मान तिरपी केली, दोघांनी अगदी एकाच वेळी.

"ही आली," साडू म्हणाले. "मागच्या दाराची पट्टी सुटत चाललीय गाडीची. रविवारी बघतो."

"रविवारपर्यंत कशाला थांबताय? आत्ताच बघा की," मी म्हणालो.

"आत्ता नको. हा झोपलाय."

पण अंगणातल्या खडीवर ताईंची पावलं वाजली, तसा हरकाम्या उठला, आळस दिला आणि दाराकडे निघाला, आणि त्याच्या मागोमाग खुर्चीतून साडूही उठले.